केमिस्ट्रीतले चार

जुलैच्या पहिल्या आठवड्यातली सकाळ होती. मी चहा गाळत होते. लेक खाली आली, फोन ओट्यावर ठेवला आणि फ्रीज उघडून दूध शोधायला लागली. फोनवर तीन ओळी होत्या. बायॉलॉजी पाच, कॅल्क्युलस पाच, केमिस्ट्री चार. गाळणं हातात धरून मी त्या दोनदा वाचल्या.

"म्हणजे काय आता?" मी विचारलं.

"म्हणजे नाही," ती म्हणाली आणि सिरियलवर दूध ओतलं.

मला पहिल्यांदा आला तो राग. दुःख, काळजी वगैरे मंडळी मागून आली. पेपर तपासणाऱ्यांचा राग आला, स्कॉटलंडचा आला, नवऱ्याचा तर आलाच, आणि समोर शांतपणे सिरियल खाणाऱ्या पोरीचाही आला. माझा स्वभावच तसा आहे. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, आमची सून गुणाची आहे, फक्त तिला आधी चिडू द्यावं आणि मग बोलावं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. इथे अमेरिकेत हायस्कूलमध्ये मुलं काही विषय कॉलेजच्या पातळीचे घेतात आणि मे महिन्यात त्यांच्या परीक्षा देतात. त्यांना एपी म्हणतात. गुण एक ते पाच. इथल्या कॉलेजांचे प्रवेश तोवर होऊन गेलेले असतात, त्यामुळे बहुतेकांच्या घरी या गुणांवाचून काही अडत नाही. आमचं अडलं, कारण आमच्या लेकीला प्राण्यांची डॉक्टर व्हायचं आहे. अमेरिकेत ते व्हायचं तर आधी चार वर्षं कॉलेज करा, मग पुन्हा अर्ज करा, आणि जागा मिळालीच तर आणखी चार वर्षं शिका. स्कॉटलंडमध्ये शाळेतून थेट घेतात. तिथल्या एका विद्यापीठाने तिला हिवाळ्यातच जागा देऊ केली होती, पण अट घालून. तिन्ही विषयांत पाच हवेत.

हे खूळ नाही, हे मला ठाऊक होतं. दोन वर्षं ती एडिसनमधल्या एका जनावरांच्या दवाखान्यात शनिवार-रविवार काम करते. पिंजरे धुते, फरशा पुसते आणि अंगाला कुत्र्यांचा वास घेऊन तशीच जेवायला बसते. त्यावरून आमची कितीतरी भांडणं झाली आहेत. एकदा मी तिला आणायला लवकर गेले, तेव्हा तिथली डॉक्टरीणबाई मला म्हणाली की म्हाताऱ्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायचं असतं, मालकाला बघवत नाही, तेव्हा कुत्र्याचं डोकं धरायला आम्ही तुमच्या मुलीला बोलावतो. ती हलत नाही, बोलत नाही, नुसती धरून बसते. मी गाडीत तिला विचारलं की तुला रडू येत नाही का? ती म्हणाली, येतं, पण नंतर.

तर ऑफर आली त्या दिवसापासून आमच्या घरात 'अट' हा शब्द हद्दपार झाला. तो माझ्या नवऱ्याने केला. माझा नवरा मूळचा नागपूरचा, कॉम्प्युटरमधला, वीस-एक वर्षं इथे असून अजून व्हिसावर नोकरी करणारा, एरवी साधा माणूस. पण लेकीच्या बाबतीत त्याचा तोल जातो. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून पेढ्यांचे डबे आले. ऑफिसात वाटले, शेजारी वाटले, मराठी मंडळाच्या कमिटीच्या मीटिंगला नेले. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात ते हेच, असं मी त्याला म्हटलं. त्यावर तो म्हणाला, पाच पडणारच आहेत, तू उगाच मध्ये पालीसारखी चुकचुकू नकोस.

खरा घोळ एप्रिलमध्ये झाला. पिस्कॅटवेच्या सरकारी विद्यापीठातही तिला प्रवेश मिळाला होता, घरापासून गाडीने वीस मिनिटांवर. एक मेच्या आत हो किंवा नाही कळवायचं असतं. मी म्हटलं की तिथली जागा धरून ठेवू, अनामत भरू, निकाल लागला की बघू. कितीतरी लोक गुपचूप असं करतात. नवऱ्याने मला स्वयंपाकघरात उभं करून प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलं. दोन्ही डगरींवर पाय ठेवणं बरोबर नाही. आपण अडवलेली जागा दुसऱ्या कुणाच्या तरी मुलाची असते. आपण मुलीला हे शिकवायचं का? इतकं तत्त्वाचं बोलणं ऐकून मीच ओशाळले. लेकीने पिस्कॅटवेला नकार कळवला.

जूनमध्ये मंडळाने बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार केला. दरवर्षी करतात. शाळेचं सभागृह, स्टेजवर समई, शाल, श्रीफळ, आणि माइकवरून प्रत्येकाचं कॉलेज जाहीर करायचं. श्रीफळ हातात घेऊन मुलं गोंधळून उभी राहतात, कारण ते घरी नेऊन करायचं काय हे त्यांना कळत नाही. आमच्या लेकीच्या वेळी निवेदिका म्हणाली, "थेट स्कॉटलंड!" आणि टाळ्या पडल्या. लेक स्टेजवरून माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की हे अजून खरं नाहीये. नवरा फोटो काढत होता.

आणि आता केमिस्ट्रीत चार. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. शाळेत ही म्हण पाठ केली तेव्हा वाटलं नव्हतं की तिचा अर्थ समजायला न्यू जर्सीत यावं लागेल.

बातमी कशी फुटली कोण जाणे, पण दोन दिवसांत मंडळातल्या एका काकूंचा फोन आला. या काकू सगळ्यांच्या काकू आहेत. माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठ्या असतील. आधी त्यांनी माझं सांत्वन केलं. चारसुद्धा छानच असतात गं, म्हणाल्या. मग त्यांच्या मुलाला केमिस्ट्रीत पाच कसे पडले ते सांगितलं, म्हणजे मला अंदाज यावा. मग मुख्य मुद्द्यावर आल्या. मंडळाच्या वेबसाइटवर सत्काराचे फोटो आहेत, लेकीच्या फोटोखाली स्कॉटलंड लिहिलंय, ते ठेवायचं की बदलायचं? त्यांना गैरसमज नको होता म्हणून त्या विचारत होत्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, काकू, ठेवा तसंच, देशाचं नाव आहे, कुठे पळून जात नाही. त्यांनी फोन ठेवल्यावर मी ओटा इतका घासला की लेक वरून विचारायला आली, काय पडलं?

तोवर नवरा पर्यायांच्या मागे लागला होता. रोज संध्याकाळी तो लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि ऑफिसच्या मीटिंगसारखे मुद्दे मांडायचा. पेपर पुन्हा तपासून घ्यावा का? त्यात फक्त यंत्राने तपासलेला भाग पुन्हा बघतात आणि बदल जवळजवळ होतच नाही. कम्युनिटी कॉलेज? ते स्वस्त आणि चांगलं असतं, तिथून पुढे मोठ्या विद्यापीठात जाता येतं, हे आम्हीच दुसऱ्यांच्या मुलांना सांगत आलो होतो. स्वतःच्या मुलीची वेळ आली तेव्हा नवऱ्याने तो पर्याय पटकन बाजूला सारला. पिस्कॅटवेला फोन करून पाहिला. तिथल्या माणसाने सभ्यपणे सांगितलं की जागा भरल्या आहेत, पुढच्या वर्षी अर्ज करा. एक वर्ष थांबून पेपर पुन्हा द्यायचा? नवरा म्हणाला, म्हणजे ड्रॉप? आमच्या घराण्यात कुणी ड्रॉप घेतलेला नाही. मी म्हटलं, तुमच्या घराण्यात कुणी कुत्र्यांचे पिंजरेही धुतलेले नाहीत, तरी धुतेच आहे ना ती.

या सगळ्या चर्चेत लेक नसायची. ती दवाखान्यात जायची, यायची, अंघोळ करून वर जायची. तिचं पुढचं आयुष्य आम्ही टेबलावर पसरून बसलो होतो आणि तिला त्यात रस नाही याचा मला संताप यायचा. एकदा नवऱ्याने सकाळी लवकर उठून स्कॉटलंडलाच फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की आम्ही फक्त अर्जदाराशी बोलू शकतो. पालक आहे म्हटल्यावरही तेच. नवरा फोन ठेवून किती वेळ धुमसत होता. फी भरायला पालक चालतो, बोलायला चालत नाही, असं त्याचं म्हणणं. या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूची होते.

शेवटी लेकीनेच विद्यापीठाला मेल केली आणि तिला उत्तर आलं. अंतिम निर्णय अजून झालेला नाही. परीक्षेच्या काळात आजारपण, कुटुंबात मृत्यू असं काही घडलं असेल तर शुक्रवारपर्यंत पुराव्यासह कळवा, त्याचा विचार करून निर्णय देऊ. तिने ती मेल आम्हाला पाठवली आणि कामाला गेली.

नवऱ्याने ती वाचली आणि मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर उजेड दिसला. तो काय म्हणणार हे मला त्याने तोंड उघडायच्या आधीच कळलं.

सासूबाई मे महिन्यातच गेल्या होत्या. आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ होती, नागपुरात रविवारची सकाळ. नणंदेचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, आई गेली. दुसरं वाक्य होतं, पोरीला एवढ्यात सांगू नका, तिचे पेपर आहेत ना. मंगळवारी केमिस्ट्री होती. हे असं न सांगणं आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. परीक्षेच्या वेळी मुलांपासून मरण लपवायचं, हे दही-साखरेइतकंच पक्कं. माझ्या बारावीच्या वेळी माझा मामा गेला होता, मला शेवटच्या पेपरनंतर कळलं आणि सगळ्यांनी आईचं कौतुक केलं की बाईने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मी नवऱ्याला एकदा म्हटलं, ती आता लहान नाही, सांगू या. तो म्हणाला, मंगळवारपर्यंत कळ काढ. मग त्यापुढे आणखी पेपर होते.

तो स्वतः जाऊ शकला नाही. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला. गेला असता तर परत यायला नवा शिक्का लागला असता, त्याची अपॉइंटमेंट महिनोन्महिने मिळत नाही, आणि तोवर इथली नोकरी थांबत नाही. आमच्यासारख्या घरांत हे गणित इतक्या वेळा मांडून झालेलं असतं की त्या दिवशी मांडावंही लागलं नाही. रविवारी सकाळी तो मला म्हणाला, दूध घेऊन येतो, आणि गाडी घेऊन गेला. स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गाडी लावून, फोन समोर टेकवून, त्याने आईला निरोप दिला. अग्नी नणंदेच्या मुलाने दिला. मग तो दूध घेऊन परत आला. लेक जेवणाच्या टेबलाशी केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसली होती. त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, झालं का सगळं रिव्हाइज?

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी आम्ही तिला आइस्क्रीम खायला नेलं आणि घरी आल्यावर सांगितलं. ती थोडी रडली, ओके म्हणाली आणि खोलीत गेली. एवढंच. मी तेव्हाही चिडले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला दोनदा नागपूरला नेलं, आजीने मांडीवर बसवून भरवलं, दर रविवारी व्हिडिओवर तासभर बोलणं, आणि रडू एवढंसं. इथे वाढलेल्या पोरांना आजी म्हणजे फोनवरचा चेहरा, असं मी नवऱ्याला म्हटलं होतं.

आता तोच नवरा म्हणत होता, की आपल्याकडे मृत्यूचा दाखला आहे, तारीख पेपरच्या दोन दिवस आधीची आहे, आणि कुटुंबात मृत्यू हे तर त्यांनीच लिहिलंय. यात खोटं एक अक्षर नाही.

मी म्हटलं, खोटं आहे. तिला माहीतच नव्हतं. जे दुःख तिला झालंच नाही त्यामुळे तिचा पेपर कसा बिघडेल?

"ते त्यांना कुठे माहीत आहे?" तो म्हणाला.

हाच माणूस एप्रिलमध्ये मला डगरींवरचे पाय शिकवत होता. मी त्याला ते बोलून दाखवलं. अगदी एकेक शब्द, जसाच्या तसा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. चुका शोधायचा पगार घेते, आणि नवऱ्याच्या बाबतीत ते काम फुकट करते. त्याचाही आवाज चढला. म्हणाला, मी आईला खांदा दिला नाही, कुणाला सांगितलं नाही, ऑफिसात एक दिवस रजा घेतली नाही, हे सगळं कुणासाठी केलं? या पोरीच्या पेपरसाठी केलं. त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे. मी म्हटलं, आईच्या जाण्याचा उपयोग करणार तू? तो म्हणाला, आई असती तर तिनेच सांगितलं असतं, कर म्हणून. आणि हे खरंच होतं, सासूबाई तशाच होत्या. त्यामुळे मला आणखी संताप आला.

दोन दिवस आम्ही एकमेकांशी कामापुरतं बोललो. त्याने नागपूरहून दाखल्याचा फोटो मागवला, त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि एक लांबलचक मजकूर लिहिला. आजी आणि नातीचं नातं, ऐन परीक्षेत कोसळलेला आघात, डोळ्यांसमोर पेपर धूसर होणं. त्यात नागपूरच्या उन्हाळ्याचंही वर्णन होतं. इतकं सुंदर त्याने मला लग्नाआधीसुद्धा कधी लिहिलं नव्हतं. पण तो मजकूर लेकीच्या नावाने, तिच्याच मेलवरून जायला हवा होता, आणि तिथे त्याचं अडलं. गुरुवारी संध्याकाळी त्याने तिला खाली बोलावलं.

ती आली, ओले केस टॉवेलमध्ये बांधलेले. लॅपटॉप स्वतःकडे वळवून वाचायला लागली. मराठी तिला वाचता येत नाही, पण हे इंग्रजीत होतं आणि ती भरभर वाचते. तरी त्या दिवशी वेळ लागला. मी तयारीत बसले होते की ती चिडली की आपण तिची बाजू घ्यायची. नवरा तिला समजावत होता की आघात नंतर कळला काय आणि आधी कळला काय, शेवटी आजी तर गेलीच ना, म्हणजे फक्त क्रम थोडा मागेपुढे केलाय.

"मागेपुढे नाहीये," ती म्हणाली. "मला माहीत होतं."

आम्हाला कळलं नाही.

"संडे मॉर्निंगला. नागपूरच्या दादाने स्टोरी टाकली होती. आजीचा फोटो, हार घातलेला. मी उठले आणि तेच पहिलं बघितलं."

नणंदेने सगळ्या मोठ्यांना तंबी दिली होती. काका, मावश्या, शेजारी, कुणी अमेरिकेत फोन करायचा नाही. मुलांना सांगायचं राहून गेलं. माझ्या डोळ्यांसमोर ती रविवारची सकाळ उभी राहिली. टेबलावरचं केमिस्ट्रीचं पुस्तक, दुधाचा कॅन हातात धरलेला नवरा आणि त्याच्याकडे मान वर करून बघणारी ती. झालं का सगळं रिव्हाइज, या प्रश्नाला ती ऑलमोस्ट म्हणाली होती. मला तो शब्दसुद्धा आठवला.

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? विचारताना माझा आवाज चिडलेलाच निघाला.

"तुम्ही मला सांगायचं नाही असं ठरवलं होतं ना. बाबांचे डोळे लाल होते आणि ते स्माइल करत होते. मला कळलंय हे त्यांना कळलं असतं तर त्यांना अजून त्रास झाला असता. सो मी पण नाही सांगितलं."

मग नवरा जे बोलला त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि तरी ते त्याच्या तोंडून कसं निघालं हे मला समजतं. तो हळूच म्हणाला, "मग तर हे सगळं खरंच आहे, बेटा. पाठवायला हरकत नाही."

मी ताडकन उठले. पण लेकीने माझ्याकडे बघितलंही नाही. ती त्याच्याशी बोलत होती, अगदी सावकाश.

"बाबा, पेपर इझी होता. म्हणजे, बफरचा एक पूर्ण प्रश्न मला आला नाही, तो मी नीट केलाच नव्हता, म्हणून चार. पण तिथे बसणं इझी होतं. तीन तास माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. हार्ड घरी होतं. तुम्ही दोघं मला आइस्क्रीमला घेऊन गेलात आणि मला सगळा वेळ हॅपी राहायचं होतं, ते हार्ड होतं. त्याचे मार्क नाही देत कोणी."

मग तिने त्याचा तो सुंदर मजकूर खोडला, वरपासून खालपर्यंत, आमच्या देखत. त्याजागी तिने चार ओळी लिहिल्या. मला या विषयात कमी गुण पडले, त्याला खास कारण नाही, तरीही मला घेता येत असेल तर घ्या, नाहीतर मी पुन्हा परीक्षा देईन. नवऱ्याने हात पुढे केला आणि परत मागे घेतला. तिने मेल पाठवली, लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, आता मला सांगा. आजीला नक्की काय झालं होतं? पीसफुली गेली, एवढंच सांगितलंत तुम्ही.

पीसफुली वगैरे काही नव्हतं. नवऱ्याने तिला सगळं सांगितलं. बाथरूममध्ये पडल्या, दार आतून लावलेलं होतं, शेजारच्यांनी ते तोडलं, दवाखान्यात नेईपर्यंत बोलत होत्या आणि नेल्यावर थांबल्या. मग पार्किंगचं सांगितलं. फोनवर चित्र मध्येच थिजायचं, आणि नेमकं तोंडात पाणी घालताना थिजलं ते पुन्हा चालू झालं तेव्हा आईला उचललं होतं. हे त्याने मलाही सांगितलं नव्हतं. दोन महिने आम्ही एका घरात राहत होतो आणि मी त्याला प्रामाणिकपणावरून टोमणे मारत होते. तो रडायला लागला तेव्हा लेक उठून त्याच्या खुर्चीमागे गेली आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून उभी राहिली. हलली नाही, बोलली नाही. मी गॅसवरची आमटी बंद केली.

विद्यापीठाचं उत्तर पुढच्या आठवड्यात आलं. यंदा जमणार नाही. वर्षभरात केमिस्ट्रीत पाच मिळवले तर पुढच्या वर्षी जागा देतील. नवऱ्याला वाटलं होतं तितकं वाईट नव्हतं आणि मला वाटलं होतं तितकं चांगलंही नव्हतं. लेकीने ठरवलं की एक वर्ष थांबायचं, दवाखान्यात पूर्ण वेळ काम करायचं आणि पुढच्या मे महिन्यात पेपर पुन्हा द्यायचा. ड्रॉप हा शब्द घरात कुणी उच्चारला नाही. काकूंना मी स्वतः फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, वर्ष वाया जाईल गं. मी म्हटलं, जाऊ दे, आमचं आहे.

नवरा लगेच कामाला लागला होता. ट्यूशन कुणाची लावायची, कुठलं पुस्तक, आठवड्याला किती तास. लेक टेबलाच्या पलीकडे बसून ऐकत होती, बऱ्याच दिवसांनी.

"एक गोष्ट," ती म्हणाली. "नेक्स्ट मेमध्ये, पेपरच्या वीकमध्ये, कोणी गेलं तर मला सांगायचं. लगेच. नाशिकचे आजोबा, कोणीही."

नाशिकचे आजोबा म्हणजे माझे वडील. नवरा दचकून म्हणाला, असं अभद्र बोलू नये. मीही तेच म्हणणार होते, शब्द ओठांवर आलेले होते.

"बाबा, हो म्हणा."

तो हो म्हणाला. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि मीही हो म्हणाले. ती लगेच उठली नाही. आम्हा दोघांचे चेहरे तिने आळीपाळीने नीट बघितले, खोटं बोलताना एकदा पकडलेल्या माणसांचे बघतात तसे, आणि मग कामाचे बूट घालायला गेली.